इंग्रजी योजनाभाषा डॅनिशमध्ये आणताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सार्वजनिक धोरणे आणि योजना यांविषयीचे इंग्रजी अहवाल डॅनिशमध्ये आणताना ‘पब्लिक पॉलिसी’, ‘प्रोग्रॅम’, ‘बेनिफिट्स’, ‘एलिजिबल सिटिझन्स’, ‘स्टेकहोल्डर कन्सल्टेशन’, ‘सर्व्हिस डिलिव्हरी’ अशा नेहमीच्या शब्दप्रयोगांसाठी आपण शब्दकोशातले प्रतिशब्द वापरता, आणि डॅनिश संपादक ते एकामागून एक खोडतो; मग वापरायचे तरी काय? याच प्रकारच्या मजकुरावर दीर्घकाळ काम केल्यामुळे एवढे खात्रीने सांगता येते की खोडलेला शब्द भाषेच्या दृष्टीने बहुधा चुकीचा नसतो. डेन्मार्कच्या कारभारात ती गोष्ट ज्या नावाने चालते ते नाव अनुवादात नसते, त्यामुळे वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलताच बोध होतो. पुढे डॅनिश शब्द देवनागरीत बहुतांशी त्यांच्या लेखनाला धरून दिले आहेत. उच्चारताना डॅनिश माणूस त्यांतली निम्मी अक्षरे गिळतो, तेव्हा बोलण्यासाठी त्यांवर विसंबू नये.

सर्वांत आधी पाहायचे ते हे की योजना कोणत्या देशाची आहे. डेन्मार्कमधील योजनेविषयीचा इंग्रजी अहवाल समोर असेल, तर तो इंग्रजी मजकूर स्वतःच डॅनिश संज्ञांचा अनुवाद असतो, आणि आपले काम नवा शब्द घडवण्याचे नसून मूळ शब्द हुडकून काढण्याचे असते. ‘अर्ली रिटायरमेंट’ हा एकच शब्दप्रयोग घ्या. डॅनिश व्यवस्थेत त्याच्यामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी उभ्या असू शकतात. पहिली ‘एफ्तरलोन’, म्हणजे 1979 पासूनची स्वेच्छेने लवकर निवृत्त होण्याची सोय. तिच्यासाठी बेकारी विमा निधीचे सभासदत्व आणि वेगळी वर्गणी लागते. दुसरी ‘फोरतिद्सपेन्शोन’, काम करण्याची क्षमता कायमची घटलेल्या व्यक्तीला नगरपालिकेच्या निर्णयाने ती मिळते आणि तिचा वर्गणीशी काही संबंध नाही. तिसरी ‘तिदली पेन्शोन’, जी कोवळ्या वयापासून दीर्घकाळ श्रमबाजारात राहिलेल्यांसाठी 2022 पासून लागू झाली आणि जिला लोक ‘आर्ने-पेन्शन’ म्हणून ओळखतात. अहवालात आकडेवारी पहिल्या गटाची असेल आणि अनुवादात दुसऱ्या गटाचे नाव पडले, तर आजारपणामुळे कामाबाहेर गेलेली माणसे आणि स्वतःच्या मर्जीने निवृत्त झालेली माणसे यांची अदलाबदल होते, आणि मग त्याखालचा सगळा युक्तिवाद उलटा वाचला जातो. शब्दकोशात यांतला फरक सापडत नाही. अहवालातील वय, अटी आणि वर्ष यांवरूनच तो ओळखावा लागतो.

योजना दुसऱ्या देशाची असेल तर सावधगिरी नेमकी विरुद्ध दिशेने बाळगावी लागते. ब्रिटनच्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या सरकारी आर्थिक मदतीला ‘कोन्तान्तयेल्प’, म्हणजे डॅनिश नगरपालिकेकडून मिळणारी रोख मदत, म्हटले की डॅनिश वाचकाच्या डोळ्यांसमोर त्याची स्वतःची नगरपालिका, तिचे जॉबसेंटर आणि सामाजिक धोरणाचा डॅनिश कायदा उभा राहतो, आणि यांपैकी काहीही ब्रिटनमध्ये लागू नसते. अशा ठिकाणी मूळ नाव ठेवावे, पहिल्या उल्लेखाच्या वेळी साध्या शब्दांत ती काय आहे ते सांगावे आणि पुढे ‘ब्रिटिश मदत’ एवढ्यावर काम चालवावे. डॅनिश संस्थांची नावे परक्या योजनेला देऊ नयेत, हा नियम मी जवळजवळ अपवादाविना पाळतो.

आता आपल्या यादीकडे वळू. ‘पॉलिसी’ आणि ‘पॉलिटिक्स’ यांच्यासाठी मराठीत धोरण आणि राजकारण असे दोन शब्द सहज हाताशी असतात. डॅनिशमध्ये दोहोंसाठी ‘पोलितीक’ हा एकच. त्यामुळे नुसते ‘पोलितीक’ लिहिले तर संदर्भाशिवाय अर्थ लटकत राहतो. यावरचा डॅनिश उपाय म्हणजे सामासिक शब्द: ‘सोशियालपोलितीक’, ‘सुन्दहेद्सपोलितीक’, ‘आर्बायद्समार्केद्सपोलितीक’, म्हणजे अनुक्रमे सामाजिक, आरोग्य आणि श्रमबाजार धोरण. विषयाचे नाव पुढे जोडले की धोरणाचा अर्थ आपोआप पक्का होतो. नुसत्या ‘पब्लिक पॉलिसी’चे शब्दशः भाषांतर करता येते, पण ते पाठ्यपुस्तकी वाटते, म्हणून वाक्यात कोणत्या क्षेत्राचे धोरण अभिप्रेत आहे ते शोधून त्याचेच नाव द्यावे हे उत्तम. ‘पॉलिसीमेकर्स’ना मात्र ‘पोलितिकरे’ म्हणू नये, कारण तो शब्द निवडून आलेल्या पुढाऱ्यांपुरता आहे. अधिकारीही त्यात धरायचे असतील तर ‘बेस्लुतनिंग्सतागेरे’, म्हणजे निर्णय घेणारे, हा रुळलेला शब्द आहे.

खरी मेहनत ‘प्रोग्रॅम’ या शब्दावर घ्यावी लागते. मराठीत आपण योजना, कार्यक्रम, अभियान आणि मोहीम यांत जसा भेद करतो तसा भेद डॅनिशही करते, फक्त तिच्या सीमारेषा वेगळ्या ठिकाणी आहेत. नियमांनी बांधलेली, अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला लागू होणारी आणि वर्षानुवर्षे चालणारी व्यवस्था म्हणजे ‘ऑर्डनिंग’. एखाद्या गटाच्या अडचणीवर यंत्रणेने लावलेले प्रत्यक्ष काम, त्यातली माणसे, भेटी, सल्ला आणि पाठपुरावा यांसह, म्हणजे ‘इंदसात्स’. ठरावीक रक्कम बाजूला काढून ती अर्ज मागवून वाटली जाते तेव्हा ती ‘पुल्ये’ असते, आणि डॅनिश संस्था ‘पुल्येसाठी अर्ज करतात’. सुटी, एकेकटी उपाययोजना असेल तर ‘तिल्ताग’. मर्यादित काळासाठी किंवा काही नगरपालिकांपुरती करून पाहायची गोष्ट ‘फॉर्सोग्सऑर्डनिंग’ असते. इंग्रजीतील ‘पायलट’ बहुतेक वेळा हीच असते. ‘प्रोग्राम’ हा शब्द डॅनिशमध्ये आहेच, पण तो संशोधन कार्यक्रम, युरोपीय संघाचे कार्यक्रम किंवा आंतरराष्ट्रीय मदत यांना शोभतो. घरभाडे साहाय्याला कोणी ‘प्रोग्राम’ म्हटले तर वाचक अडखळतो.

यांतून निवड करताना मी इंग्रजी वाक्याला एकच प्रश्न विचारतो: लाभार्थ्याला येथे हक्काने काही मिळते, की यंत्रणा त्याच्यासाठी काही करते, की कोणा संस्थेला पैसे मिळतात? उत्तरानुसार अनुक्रमे ऑर्डनिंग, इंदसात्स किंवा पुल्ये. एकाच परिच्छेदात इंग्रजी लेखक ‘प्रोग्रॅम’ तीनदा तीन अर्थांनी वापरतो असे पुष्कळदा आढळते, आणि तेव्हा डॅनिशमध्ये तीन वेगळे शब्द येणे हेच बरोबर असते. संज्ञांची एकवाक्यता राखण्याचा आग्रह धरणारी अनुवादाची सॉफ्टवेअरे अशा ठिकाणी तांबड्या खुणा दाखवतात; त्या खुशाल दुर्लक्षाव्यात.

‘इंटरव्हेन्शन’ हाही येथेच निकालात काढण्यासारखा शब्द. डॅनिश कानाला त्यात एखाद्या देशात सैन्य घुसवल्याचा किंवा रुग्णावर शस्त्रक्रिया केल्याचा भास होतो. ‘अर्ली चाइल्डहुड इंटरव्हेन्शन’साठी ‘तिदली इंदसात्स’ हा नगरपालिकेच्या कागदपत्रांत रोज दिसणारा शब्द आहे.

प्रत्यक्ष एक वाक्य घेऊन पाहू. इंग्रजीत असे असते: ‘हा प्रोग्रॅम स्थानिक स्टेकहोल्डर्सच्या माध्यमातून व्हल्नरेबल तरुणांना सपोर्ट सर्व्हिसेस डिलिव्हर करतो.’ शब्दाला शब्द लावून केलेले डॅनिश वाक्य व्याकरणशुद्ध होईल आणि तरीही संपादक ते फिरवील. मी ते असे लिहीन: ‘गेनेम इंदसात्सेन फोर उदसात्ते उंगे स्तोत्ते फ्रा कॉम्यूनेन ऑ लोकाले फॉरेनिंगर’, म्हणजे या कामातून अडचणीत असलेल्या तरुणांना नगरपालिका आणि स्थानिक संस्था यांच्याकडून आधार मिळतो. ‘डिलिव्हर’ गेला, कारण आधार ही गाडीवरून उतरवायची वस्तू नाही. ‘सर्व्हिसेस’ गेल्या, कारण ‘स्तोत्ते’ या शब्दात त्या सामावल्या. कर्ता बदलला: योजना देते याऐवजी तरुणांना मिळते. आणि ‘स्टेकहोल्डर्स’च्या जागी खरी माणसे आली. हा शेवटचा बदल अहवालात इतरत्र ती कोण आहेत हे सांगितले असेल तरच करता येतो. सांगितले नसेल तर ‘लोकाले आक्तोरर’, म्हणजे स्थानिक घटक, यावर थांबावे, स्वतःच्या पदरची नगरपालिका घालू नये. ‘व्हल्नरेबल’साठी ‘सोरबार’ हा शब्दही आहे, पण त्याचा रोख माणसाच्या नाजूक प्रकृतीकडे असतो, तर ‘उदसात’चा रोख त्याच्या परिस्थितीकडे, सामाजिक धोरणात दुसरा अधिक चालतो.

पैशांच्या लाभांना एकत्रितपणे ‘यूदेल्से’ म्हणतात, आणि तेथवर ‘बेनिफिट’ सरळ जमते. घोटाळा ‘वेल्फेअर’पाशी होतो. डॅनिश ‘वेल्फॅर्द’मध्ये शाळा, रुग्णालये, पाळणाघरे, वृद्धांची शुश्रूषा असे सगळे येते, आणि जवळपास प्रत्येक राजकीय पक्ष ते वाचवण्याच्या शपथा घेतो. अमेरिकन इंग्रजीत ‘वेल्फेअर’ म्हणजे गरिबांना मिळणारी रोख मदत, आणि त्या शब्दाला हिणकस वास आहे. अमेरिकन मजकुरातील ‘वेल्फेअर रेसिपियंट्स’चे ‘वेल्फॅर्द’ घेणारे केले, तर डेन्मार्कची संपूर्ण लोकसंख्याच त्यात मोडते. तशीच गत ‘सोशल सिक्युरिटी’ची: अमेरिकेत 1935 च्या कायद्यापासून तो शब्द मुख्यतः वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचे नाव झाला आहे, युरोपीय कायद्यात मात्र ‘सोशियाल सिक्रिंग’ ही आजारपण, बाळंतपण, बेकारी या सर्वांना कवेत घेणारी संज्ञा आहे. डेन्मार्कच्या आतही ‘अनएम्प्लॉयमेंट बेनिफिट’ बेकारी विमा निधीकडून सभासदाला मिळणारे ‘दागपेंगे’ आहे, की विमा नसलेल्याला नगरपालिकेकडून मिळणारे ‘कोन्तान्तयेल्प’, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिल्याची मुदत 2010 च्या सुधारणेने 4 वर्षांवरून 2 वर्षांवर आली. दुसरे देताना जोडीदाराचे उत्पन्न आणि मालमत्ताही पाहिली जाते. कमावत्या जोडीदाराच्या घरात या दोहोंमधला फरक महिन्याअखेरी चांगलाच जाणवतो.

आता ‘सिटिझन’. हा शब्द दिसतो निरुपद्रवी, पण माझ्या मते पूर्ण यादीत सर्वांत जोखमीचा तोच आहे. नगरपालिकेच्या खिडकीपाशी येणारा कोणीही, मग तो पुण्याहून नोकरीसाठी आलेला अभियंता का असेना, डॅनिश कारभारात ‘बॉर्गर’ असतो. नगरपालिकांच्या नागरिक सेवा केंद्रांचे नावच मुळी ‘बॉर्गरसर्व्हिस’ आहे. राष्ट्रीयत्वाच्या अर्थाने नागरिक म्हणायचे तर ‘स्तात्सबॉर्गर’. इंग्रजी अहवालातील ‘ऑल एलिजिबल सिटिझन्स’ यात राष्ट्रीयत्वाची अट खरोखर आहे की लेखकाने ‘लोक’ या अर्थाने शब्द टाकला आहे, हे मूळ योजनेच्या नियमांवरूनच ठरते, आणि चूक झाली तर एका बाजूला परदेशी रहिवाशांना नसलेला हक्क दिला जातो, दुसऱ्या बाजूला असलेला हिरावला जातो. डेन्मार्कमध्ये बऱ्याच लाभांची अट नागरिकत्वाची नसून कायदेशीर वास्तव्याची, आणि काहींच्या बाबतीत किती वर्षे वास्तव्य केले त्याची असते. ‘एलिजिबल’लाही दोन छटा आहेत. ‘हार रेत तिल’ म्हणजे अटी पूर्ण केल्या की मिळायलाच हवे. ‘कान फो’ म्हणजे यंत्रणेच्या मर्जीने मिळू शकते. डॅनिश कायद्यातील ‘स्काल’ आणि ‘कान’ या क्रियापदांवर वकील मंडळी तासन्‌तास भांडतात, तेव्हा अनुवादकाने ती सैल हाताने वापरू नयेत.

‘केअर’ हा शब्द डॅनिशमध्ये तिघांत वाटला गेला आहे. मुले सांभाळणे ‘पास्निंग’, आजारी किंवा वृद्ध माणसाची शुश्रूषा ‘प्लाये’, आणि माया, काळजी ‘ऑम्सॉर्ग’. ‘चाइल्ड केअर’ पहिल्यात, ‘एल्डर केअर’ दुसऱ्यात. ‘चिल्ड्रन इन केअर’ मात्र तिघांपैकी कोणातच नाही: घराबाहेर, पालक कुटुंबात किंवा संस्थेत ठेवलेल्या मुलाला ‘आनब्राग्त’ म्हणतात. ‘सोशल हाउसिंग’साठी ‘आल्मेने बोलियर’ हाच शब्द घ्यावा. ती घरे ना नफा तत्त्वावर चालतात आणि त्यांत सर्व थरांतील लोक राहतात, त्यामुळे ‘सोशियाल’ हे विशेषण लावले की त्यांवर नसती गरिबीची पाटी बसते.

‘कन्सल्टेशन’ म्हणजे ‘होरिंग’. विधेयक संसदेत मांडण्यापूर्वी ते संघटनांकडे आणि जनतेकडे मत मागवण्यासाठी ‘होरिंग’मध्ये पाठवतात, ‘कोन्सुल्तासियोन’ म्हटले तर बहुतेक वाचकांना डॉक्टरचा दवाखाना आठवेल. पण एखाद्या व्यक्तीच्या प्रकरणात निर्णय देण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घेणे ही ‘पार्त्सहोरिंग’, आणि ती प्रशासन कायद्याने बांधलेली जबाबदारी आहे, सौजन्य नव्हे. ‘सोशल पार्टनर्स’ना ‘आर्बायद्समार्केदेत्स पार्तर’ म्हणावे, म्हणजे मालक आणि कामगार यांच्या संघटना. 1899 च्या सप्टेंबर समझोत्यापासून श्रमबाजाराचे नियम मोठ्या प्रमाणावर त्यांच्या आपसातल्या करारांनी ठरत आले आहेत. म्हणूनच ‘मिनिमम वेज’ हा शब्द आला की थांबावे: डेन्मार्कमध्ये कायद्याने ठरवलेले सर्वसाधारण किमान वेतन नाही, तेव्हा परदेशी कायद्याविषयी लिहिताना ‘लॉवबेस्तेम्त’, म्हणजे कायद्याने ठरवलेले, हे विशेषण जोडावे, नाहीतर वाचक सामूहिक करारातील दर समजेल.

‘अपील’ची एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्रशासकीय निर्णयाविरुद्ध ‘क्लागे’ करतात, न्यायालयाच्या निकालाविरुद्ध ‘आंके’ आणि न्यायालयाच्या मधल्या आदेशाविरुद्ध ‘कॅअरे’. आणि नगरपालिकेच्या निर्णयांवरील ‘क्लागे’ ज्या संस्थेकडे जातात तिचे नाव ‘आंकेस्तुरेल्सेन’! नावाला भुलून बाकीची संज्ञा बदलू नये.

घोषवाक्यांचे काम उलट सोपे असते, कारण बऱ्याच कल्पना इंग्रजी आणि डॅनिश अशा दोन्ही भाषांतल्या राजकारणात फिरलेल्या आहेत आणि डॅनिश वाक्य तयार मिळते. ‘मेक वर्क पे’साठी ‘देत स्काल कुन्ने बेताले सी अत आर्बायदे’ हे वाक्य प्रचारसभांतून इतके घासले गेले आहे की दुसरे काही सुचवणे हास्यास्पद ठरेल. ‘कॅरट अँड स्टिक’मध्ये डॅनिश आधी चाबूक ठेवते आणि मग गाजर. ‘वन-स्टॉप शॉप’मधले दुकान गळते आणि ‘एन इन्दगांग’, म्हणजे एकच दरवाजा, उरतो. ‘सायलो’ला, म्हणजे प्रत्येक खात्याने आपल्यापुरतेच पाहण्याला, ‘कासेतेंकनिंग’. एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले आणि माणूस मदतीविना राहिला, म्हणजे ज्याला आपण दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतो, ते डॅनिशमध्ये दोन खुर्च्यांच्या मध्ये पडणे. ‘ग्रीन ट्रान्झिशन’साठी ‘ग्रोन्ने ऑम्स्तिलिंग’ आणि ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट गोल्स’साठी ‘वर्देन्समोल’ पक्के झाले आहे. ‘अकाउंटेबिलिटी’ला तयार नाम नाही, ‘आन्स्वार्लीहेद’मध्ये शहाणपणाने वागणे एवढाच अर्थ राहतो, म्हणून क्रियापद वापरून कोणी कोणाला जबाब द्यायचा ते स्पष्ट लिहावे.

पडताळणीसाठी डॅनिश कायद्यांचा ‘रेत्सइन्फॉर्मासियोन’ हा सरकारी संग्रह पहिला, आणि युरोपीय संघाचा ‘इआते’ हा संज्ञाकोश दुसरा. क्रम बदलू नये. डेन्मार्क 1973 पासून सभासद असल्याने युरोपीय कायद्यांची डॅनिश आवृत्तीही तितकीच प्रमाण असते, पण त्या डॅनिशला ब्रसेल्सची ढब आहे आणि नगरपालिकेच्या पत्रात ती उपरी वाटते.

शेवटी, भारतातील योजनांविषयीचा मजकूर डॅनिशमध्ये नेण्याविषयी आपण विचारले होते, म्हणून आपल्याकडचेच उदाहरण देतो. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रभर पसरलेली रोजगार हमी योजना, तिचा 1977 चा कायदा आणि पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला दिलेली 100 दिवसांची हमी, हे सारे इंग्रजीतून ‘पब्लिक वर्क्स प्रोग्रॅम’ या नावाने येते. डॅनिश अनुवादकाचा हात सहज ‘नुत्तेइंदसात्स’कडे जातो, कारण तेथेही मदत घेणारा माणूस सार्वजनिक काम करतो. पण 2014 पासून लागू झालेल्या त्या डॅनिश तरतुदीत नगरपालिका काम नेमून देते आणि माणसाला जावे लागते, न गेल्यास मदत कापली जाते. रोहयोत माणूस काम मागतो आणि सरकारला ते द्यावे लागते, 15 दिवसांत न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा लागतो. बांधील कोण, हेच उलटे झाले. म्हणून येथे ‘बेशेफ्तिगेल्सेसगारान्ती’, म्हणजे रोजगाराची हमी, हा सरळ सामासिक शब्द घ्यावा, आणि त्या भत्त्याला ‘दागपेंगे’ न म्हणता ‘कोम्पेन्सासियोन’ म्हणावे, कारण मजुराने कोणत्याही विमा निधीत वर्गणी भरलेली नसते. तो भत्ता सरकारने हमी न पाळल्याची भरपाई आहे.